‘उपजत’ या शब्दाची झडती

मराठी प्रस्तावनांमध्ये, सत्काराच्या भाषणांत आणि मृत्युलेखांत एक शब्द फार सहज येतो : उपजत. अमक्या कवयित्रीला अक्षरओळख नव्हती, पण प्रतिभा उपजत होती. तमका शाहीर शाळेची पायरी चढला नाही, पण ताल त्याच्या अंगात उपजत होता. खेड्यातल्या बाईला हिशेब उपजत येतो, धनगराला आभाळ उपजत कळते. हा शब्द गौरवाचा आहे असे आपण धरून चालतो. मला तो गौरवाचा वाटत नाही. ज्याचे शिकणे आपल्याला दिसले नाही ते शिकणे झालेच नाही, असे हा शब्द हळूच सांगून जातो. जी गोष्ट उपजत, तिला शिक्षक नसतो, सरावाची वर्षे नसतात, चुका नसतात. आणि म्हणून तिचा अभ्यासही करावा लागत नाही. कौतुक केले की काम संपते.

बहिणाबाई चौधरींच्या बाबतीत हे सर्वांत ठळकपणे झाले. 1951 साली त्या गेल्या, 1952 साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली, आचार्य अत्र्यांनी प्रस्तावना लिहिली आणि महाराष्ट्र थक्क झाला. थक्क होणे योग्यच होते. पण पुढच्या सत्तर वर्षांत त्यांच्या निरक्षरतेवर जेवढे लिहिले गेले, त्याच्या पासंगालाही पुरणार नाही इतके थोडे त्यांच्या शिक्षणावर लिहिले गेले. शिक्षण म्हणजे जात्यावर, शेतात, सणावारी, कीर्तनात कानावर पडलेल्या शेकडो ओव्यांचे शिक्षण. ओवीचे चरण किती, यमक कुठे पडते, घरोटाच्या फेऱ्याशी शब्दाचा मेळ कसा बसतो, हे कुणालाही जन्मतः येत नाही. ते येण्यासाठी एक जिवंत शाळा आसोद्यात आणि जळगावात नांदत होती. तिचा हजेरीपट नव्हता, इतकेच.

या शब्दाची झडती मी राहतो त्या मुलखात घ्यावी असे मला वाटते. म्हसवड, माण नदीचा काठ, सातारा आणि सांगली जिल्ह्यांची शीव. पाऊस कमी, माणसे बाहेर जाणारी, आणि साक्षरतेच्या कोष्टकात कायम मागच्या रांगेत बसवलेला हा भाग. म्हणजे ‘उपजत शहाणपणा’चे प्रशस्तिपत्र हमखास मिळण्याची जागा.

म्हसवडचे नाव दूर गेले ते दोन कारणांनी. एक सिद्धनाथ, तो जुनाच. दुसरे कारण म्हणजे 1997 साली इथे सुरू झालेली माणदेशी महिला सहकारी बँक. तिच्या जन्माची कथा चेतना सिन्हा यांनी देशात आणि परदेशांत अनेकदा सांगितली आहे. रिझर्व्ह बँकेने परवान्याचा पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक महिलांपैकी काहींना लिहिता-वाचता येत नव्हते. बायकांनी अक्षरे गिरवायला घेतली आणि काही महिन्यांनी त्या पुन्हा गेल्या. आम्ही लहान असताना गावात शाळा नव्हती, तो आमचा दोष नाही, असे त्यांनी साहेबांना सुनावले. मग म्हणाल्या, कुठलीही मुद्दल सांगा, आम्ही व्याज काढून दाखवतो. तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा. परवाना मिळाला.

ही कथा मी सभांमध्ये ऐकली आहे, इंग्रजी वर्तमानपत्रांत वाचली आहे. टाळ्या नेहमी एकाच जागी पडतात. बायकांच्या धाडसाला टाळ्या पडाव्यात, पडल्याच पाहिजेत. पण या कथेच्या पोटात एक प्रश्न आहे आणि तो विचारलेला मी फारसा ऐकलेला नाही. ते व्याज त्यांना येत कसे होते? कोणत्या रीतीने त्या काढत होत्या, ती रीत कुणी शिकवली, किती वर्षे लागली, कुठे चुकायच्या? धाडसाची गोष्ट जगभर गेली, गणित मात्र म्हसवडच्या बाजारातच राहिले.

रीत साधी नाही. समजा साडेसात हजार रुपये आठ महिन्यांसाठी शेकडा दीड रुपयाने घेतले. शाळेत शिकलेला माणूस मुद्दल, दर, मुदत यांचा गुणाकार मांडतो, दर वर्षाचा की महिन्याचा यावर अडखळतो, शेवटी शंभराने भागायला जातो. बाजारातली बाई मुद्दलाला हातच लावत नाही. ती आधी शंभर रुपयांचे काय होते ते पाहते : महिन्याला दीड, आठ महिन्यांचे बारा. मग साडेसात हजारांत शंभर किती? पंचाहत्तर. पंचाहत्तर बारा नऊशे. भागाकार झालाच नाही, कारण ‘शेकडा’ या शब्दातच तो आधी होऊन गेला आहे. आकडे मोठे होऊ न देता हिशेब पुढे नेण्याची ही युक्ती गणिताच्या शिक्षकानेही वर्गात न्यावी अशी आहे. जुन्या उजळणीतल्या पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांशी तिचे नाते उघड आहे. ते पाढे आपण शाळेतून काढून टाकले. ज्या कधी शाळेत गेल्याच नाहीत त्यांच्या तोंडी त्यांचे अवशेष राहिले.

आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या एका साठीच्या मावशींना मी विचारले, हे तुम्हाला कुणी शिकवले? त्या म्हणाल्या, “शिकवलं कुणीच न्हाई, दादा. आय इकायची, म्या पैसं घ्यायची. राती आय इचारायची, दोन रुपयं कमी कसं? मग समदं गिऱ्हाईक आठवायचं, पयल्यापास्नं. घावंस्तवर जेवाय न्हाई.”

कुणी शिकवले नाही असे म्हणत म्हणत त्यांनी एका कडक शिक्षिकेचे पूर्ण वर्णन केले. रोजची परीक्षा, पहिल्यापासून उलगडून पाहणे, चूक सापडेपर्यंत सुटका नाही. आपल्या किती शाळांत चूक शोधायला मुलाला इतका वेळ देतात? लाल शाईची फुली मारून वही परत मिळते. पण मावशींच्या मनात ‘शिकवणे’ या शब्दाचा अर्थ फळा आणि मास्तर असा पक्का बसला आहे, म्हणून आईने शिकवले हे त्यांना शिकवणे वाटत नाही. ‘उपजत’ची लबाडी इथवर पोहोचली आहे : ज्याने मेहनतीने शिकले त्याच्याच तोंडून ती वदवून घेते.

याच प्रश्नावर ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कॅरहर आणि अनालुसिया श्लीमन यांनी काम केले. त्यांचा निबंध 1985 सालचा. बाजारात माल विकणाऱ्या 9 ते 15 वर्षांच्या पाच मुलांकडे ते गिऱ्हाईक म्हणून गेले. बारा वर्षांच्या एका मुलाला विचारले, पस्तीसला एक नारळ, तर दहाचे किती? दहाने गुणताना शून्य जोडावे हे शाळेचे ज्ञान त्याने वापरले नाही. तीन नारळांचे एकशे पाच त्याला ठाऊक होते. आणखी तीन धरून दोनशे दहा, आणखी तीन धरून तीनशे पंधरा, वर एक, साडेतीनशे. बाजारात या मुलांची सुमारे 98 टक्के उत्तरे बरोबर आली. तसलीच उदाहरणे कागदावर नुसत्या आकड्यांत दिली तेव्हा 37 टक्के. आपल्याकडे अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत अशीच पाहणी केली. ती 2025 साली ‘नेचर’मध्ये आली. बाजारातली मुले व्यवहारात पक्की आणि पुस्तकी उदाहरणांत कच्ची, हे तिथेही दिसले. पण त्याचबरोबर उलट बाजूही दिसली : शाळेत शिकणारी मुले पुस्तकी उदाहरणे सोडवत होती आणि बाजारातल्या साध्या व्यवहारात अडत होती. दोन्ही बाजूंना एकेक ज्ञान आहे, मधला पूल नाही. आपण मात्र एकाच बाजूला अज्ञान म्हणतो.

इथे एक सावधगिरी घेतो. माझ्या मांडणीचा अर्थ ‘शाळेची गरज नाही’ असा काढणारे लोक मला भेटले आहेत आणि त्यांची मुले बहुधा चांगल्या शाळेत असतात. बाजाराच्या गणितालाही भिंत आहे. दहा हजारांचे कर्ज, शेकडा दोन, दहा हप्ते. दर महिन्याला हजार रुपये मुद्दल आणि दोनशे रुपये व्याज. बाई म्हणते, दहा महिन्यांचे दोन हजार, बरोबर आहे. पण पहिला हप्ता दिल्यावर तिच्याकडे दहा हजार उरतातच कुठे? नऊ उरतात, मग आठ, मग सात. उरलेल्या रकमेवर शेकडा दोनने मोजले तर व्याज अकराशे होते. ती दोन हजार देते. म्हणजे शेकडा दोनचे म्हणून घेतलेले कर्ज प्रत्यक्षात शेकडा साडेतीनच्या वर पडले. सावकाराकडे मुद्दल शेवटी एकदम फेडायची, त्यामुळे तिची जुनी रीत तिथे बरोबर होती; हप्त्याचे कर्ज आले आणि तीच रीत तिला फसवू लागली. बचतगटांच्या आणि छोट्या कर्जाच्या या काळात ज्या घरी अशी दोन-तीन कर्जे आहेत तिथे हा नऊशेचा फरक म्हणजे मुलाची वह्या-पुस्तके आणि एसटीचा पास.

हे समजावणे कठीण नाही. जिला ‘शेकडा’ कळतो तिला ‘दर महिन्याला शेकडे कमी होतात’ हे अर्ध्या तासात कळते. मी बोरीच्या बिया मांडून ते सांगून पाहिले आहे. पण त्यासाठी तिला काय येते ते आधी शिकवणाऱ्याला माहीत हवे. प्रौढ साक्षरतेचा आपला इतिहास मोठा आहे आणि त्यात सातारा जिल्ह्याचे स्थान मानाचे आहे. ग्रामशिक्षण मोहीम 1959 साली इथूनच सुरू झाली, 1961 पासून राज्यभर गेली. आज ‘उल्लास’ नावाने नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. त्याची परीक्षा 150 गुणांची, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी 50. या सगळ्या प्रयत्नांबद्दल मला आदर आहे. तरी मी पाहिलेला बहुतेक प्रत्येक वर्ग ‘अ’पासून आणि एकपासून सुरू होतो. समोर पन्नास वर्षांची, दिवसाला शंभर व्यवहार करणारी बाई बसलेली असते आणि तिला पाच आंबे अधिक तीन आंबे विचारले जाते. तिचे गणित उपजत समजले गेले, म्हणजे शिक्षणाच्या हिशेबात शून्य. मग सुरुवात शून्यापासून होणारच.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रम आणि शिक्षण यांची सांगड घातली असे आपण म्हणतो. ‘कमवा आणि शिका’ने हजारो मुले उभी केली, माझ्या नात्यातलीही. परंतु बारकाईने पाहिले तर त्या योजनेतही कमवणे होते ते शिकण्याचा खर्च भागवायला. शेतात राबलेला मुलगा शिकायचा तो पुस्तकातूनच. राबण्यात जे शिकला त्याला गुण नव्हते. हा दोष त्या थोर माणसाचा नाही, परीक्षा घेणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

‘उपजत’ला निरुत्तर करणारे उदाहरण मात्र वेगळेच आहे. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या तालुक्यांतले हजारो लोक भारतभर सोन्या-चांदीच्या गलाईचा धंदा करतात. जुने दागिने आणि सराफाच्या दुकानातली झाडलोट गोळा करून, आटवून, तेजाब वापरून त्यातून शुद्ध धातू काढायचा हे काम. विट्यापासून म्हसवडपर्यंतच्या गावांत असे घर शोधावे लागत नाही. सातवी-आठवीतून सुटलेला मुलगा केरळात किंवा तमिळनाडूत मामाच्या दुकानी जातो. दोन वर्षे झाडलोट, मूस आणि भट्टी. मग तेजाबाचा रंग ओळखणे, मग कस. दोन वर्षांत तो मल्याळम किंवा तमिळ बोलू लागतो, पुढे दुकानाची पाटीही वाचतो. आता माणच्या मातीत मल्याळम उपजत उगवते असे म्हणायला कुणी धजणार नाही. म्हणजे हा मुलगा शिकला, हे मान्य करावेच लागते. कुणाकडून, कोणत्या क्रमाने, व्याकरण न घेता चार-चार भाषा कशा, यावर आपल्या भाषाविज्ञानाने आणि शिक्षणशास्त्राने खरे तर ग्रंथ लिहायला हवे होते. दिवाळीला गावी आलेल्या या मुलांकडे आपण ‘शाळा सुटलेली पोरे’ म्हणून पाहतो.

शाळेच्या बाजूने पाहिले तर ‘उपजत’चा जुळा भाऊ ‘गैरहजर’ हा शब्द आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955 साली आली तेव्हापासून ती बहुधा एका तरुण मास्तराची आणि मागास वाडीची कथा म्हणून वाचली जाते. मास्तर येतो, शाळा भरवतो, तालीम बांधवतो, औंधचे राजे उद्घाटनाला येतात, दुष्काळ पडतो, वाडी उठते, मास्तर निघून जातो. सुधारणेची शोकांतिका, असे पाठ्यपुस्तकी उत्तर. मला ही कादंबरी वाचताना नेहमी जाणवते की मास्तर वर्गात काय शिकवतो याला तिच्यात फार कमी जागा आहे. जागा व्यापली आहे ती मास्तराच्या शिकण्याने : माणसे कशी रागावतात, कशी विसरतात, मेंढरू काय खाते, भूक कशी दिसते. आणि परीक्षाही त्याचीच चालू आहे. कारभारी, रामोशी, टवाळखोर, सगळे त्याला जोखत असतात. दुष्काळात मुले शाळेतून जातात तेव्हा हजेरीपटावर ती गैरहजर. पण ती कुठेतरी हजर असतात, मेंढरांमागे, पाणी असलेल्या मुलखाच्या वाटेवर. दोन पंचांगे आहेत, शाळेचे आणि कळपाचे, आणि पटावर एकाचीच नोंद आहे. माडगूळकरांनी हे सूत्र म्हणून कुठे सांगितलेले नाही, सांगितले असते तर कादंबरी पडली असती. पण समीक्षेने ते सांगायला हवे होते. त्याऐवजी समीक्षेने काय केले? औपचारिक शिक्षण अर्धवट राहिलेल्या या लेखकाच्या निरीक्षणशक्तीलाही ‘उपजत’ म्हणून ठेवले. तरुणपणी शाळामास्तरकी केलेला, रानोमाळ हिंडलेला, चित्रे काढणारा, चिकाटीने वाचणारा माणूस, आणि त्याची शक्ती म्हणे उपजत.

आता संशोधनाकडे. विद्यापीठाबाहेरच्या संशोधनाची परंपरा महाराष्ट्रात थोर आहे. तिच्या वळचणीला माझ्यासारखे बसलेले आहेत. (परिसंवादाच्या नोंदणी अर्जात ‘संस्था’ असा रकाना असतो. मी तिथे ‘म्हसवड’ लिहितो. अजून कुणी हरकत घेतलेली नाही, निवासाची सोय मात्र शेवटी होते.) राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून दप्तरे मिळवली आणि 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड छापले. त्या पायपिटीपुढे मान लवते. पण इतिहासापुरते बोलायचे तर त्या परंपरेने एक गृहीतक कायम ठेवले : साधन म्हणजे कागद. ज्याच्या घरी रुमालात बांधलेले दप्तर, त्याला इतिहास. माणच्या धनगराच्या पालात दप्तर कुठले? मग त्याला दैवते, चालीरीती, फार तर ‘लोकसाहित्य’.

हे गृहीतक हलवणारी माणसे त्या त्या विषयाच्या पदवीतून आलेली नव्हती. धर्मानंदांचे चिरंजीव दामोदर कोसंबी गणिताचे. गुंथर सोंथायमर हे जर्मन संशोधक मुळात हिंदू कायद्याचे अभ्यासक. एकत्र कुटुंबाच्या कायद्यावर ग्रंथ लिहिलेला हा माणूस धनगरांच्या वाड्यांवर ध्वनिमुद्रक घेऊन बसला आणि 1976 साली त्याचा बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा ग्रंथ जर्मनमध्ये निघाला. म्हसवड-खरसुंडीचा सिद्धनाथ त्याच्या अभ्यासाच्या टापूतला. रा. चिं. ढेरे यांचे ‘खंडोबा’ 1961 चे. विद्यापीठाच्या पदव्या त्यांना मागून मिळाल्या. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’मध्ये त्यांनी पंढरीच्या देवाचे मूळ गोपजनांच्या दैवतात शोधले तेव्हा पट्टणकोडोलीसारख्या ठिकाणी विठ्ठल आणि बिरदेव जोडीने नांदतात, या धनगरी परंपरेला त्यांनी ताम्रपटाच्या पंक्तीत बसवले. शिखर शिंगणापूर म्हसवडपासून फार लांब नाही; त्यावरचे ढेरे यांचे पुस्तक हातात घेऊन मी तो डोंगर अनेकदा चढलो आहे.

पण या पायरीवर थांबून चालणार नाही. ओवीला साधन मानले, तरी ओवी गाणाऱ्याला काय मानले? आपल्या संशोधनात त्याच्यासाठी शब्द आहे ‘माहितगार’. तो माहिती देतो, संशोधक अर्थ लावतो. माझ्याजवळच्या संग्रहांत ‘एका वृद्ध धनगराकडून’, ‘गावातील बायकांकडून’ अशा नोंदी पानोपानी आहेत. हस्तलिखिताचा क्रमांक न देणाऱ्याला आपण अशास्त्रीय म्हणतो, माणसाचे नाव न देणाऱ्याला म्हणत नाही. याला चांगला अपवाद गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पाचा. एक लाखाहून अधिक ओव्या, आणि त्यांच्यामागे बाईचे नाव, गाव. ‘पारी’वर आज त्या ऐकता येतात. नाव आले की बाई ‘लोक’ राहत नाही, कर्ती होते.

धनगरी ओवीचा अर्थ फक्त संशोधक लावतो, हेही खरे नाही. सुंबरान मांडल्यावर पुढचा गडी ओवी गातो, मागचे झेलतात. मग गाणे थांबवून तोच गडी गद्यात कथा उलगडतो. ही उलगड म्हणजे भाष्यच आहे. अमुक देव इथे का थांबला, दोन देव भाऊ कसे, या गावचा मान त्या गावाला का, याचे तो कारण देतो आणि ते कारण दर वेळी जसेच्या तसे नसते. शिकण्याची रीतही यातच आहे. पोरगे मागच्या रांगेत उभे राहते, आधी नुसते शेवटचे शब्द धरते, मग अर्धी ओळ, मग पूर्ण. स्वतंत्र वर्ग नाही, तालीम नाही. कार्यक्रम हाच वर्ग. पुढे येण्यात दहा-पंधरा वर्षे सहज जातात. दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आपण पुरेसा मानतो, त्याच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहावा.

आणि तपासणी होते. एका रात्री गडी देवाची वाट सांगत होता, हे गाव, मग ते गाव, मग घाट. ऐकणाऱ्यांतल्या एका म्हाताऱ्याने हात वर करून त्याला थांबवले : त्या वाटेने मेंढरे जात नाहीत, मध्ये पाणी नाही. थोडी वादावादी झाली. दुसऱ्या एकाने म्हाताऱ्याची बाजू घेतली. गड्याने गावांचा क्रम बदलला आणि कथा पुढे नेली. देवाच्या चरित्रातले विधान कळपाच्या वाटेवर पारखले गेले, जाणत्यांसमोर, पुराव्यानिशी, आणि सुधारले गेले. संशोधनपत्रिकेत हेच काम दोन अनामिक तज्ज्ञ सहा महिने घेऊन करतात.

आज मागच्या रांगेतले पोरगे मोबाईलवर ओव्या ऐकून बसवते. त्यात वाईट काही नाही, जर्मन पंडिताच्या ध्वनिमुद्रकाला आपण नावे ठेवली नव्हती. गळा तयार होतो, ओव्या पाठ होतात, दोन वर्षांत गडी पुढे उभा राहतो. पण चित्रफितीत हात वर करणारा म्हातारा नसतो. असला तरी तो भाग कापलेला असतो, कारण तिथे गाणे थांबलेले असते. म्हसवडला दिवाळीच्या पाडव्याला सिद्धनाथाचे घट बसतात, तुळशीच्या लग्नाला देवाचे लग्न लागते आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला रथ निघतो. या महिनाभरात इथे जे गडी येतील, त्यांच्या ओव्या मुद्रित करणारे पुष्कळ असतील. मी या वर्षी यंत्राचे तोंड ऐकणाऱ्यांकडे करून ठेवणार आहे.